साबण, साय आणि सनस्क्रीन

चेहऱ्याची निगा राखायची तर आधी फेसवॉश, मग टोनर, त्यावर सीरम, डोळ्यांखाली लावायला वेगळं क्रीम आणि रात्रीसाठी आणखी एक, ही समजूत मोबाइलच्या पडद्यावरून घरोघरी पोचली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुली अशी दहा पायऱ्यांची यादी पाठ म्हणून दाखवतात. त्वचारोगतज्ज्ञ मात्र निरोगी त्वचेसाठी रोजची तीनच कामं सांगतात: सौम्यपणे धुणं, ओलावा टिकवणं आणि उन्हापासून जपणं. या तिन्हींना फारसे पैसे लागत नाहीत. पैसा आणि कधीकधी आरोग्यही जिथे जातं, ती जागा वेगळी आहे. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटला म्हणजे मळ निघाला, हा सर्वांत जुना गैरसमज. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ५ असतो. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्यामुळे मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही निघून जातं आणि चेहरा ताणल्यासारखा होतो. ही स्वच्छतेची खूण नाही, झीज झाल्याची आहे. फेसाचंही तसंच. भरपूर फेस आला म्हणून साबण जास्त स्वच्छ करतो, असं नाही. चेहरा दिवसातून दोनदा धुतला तरी पुरतं.

साबण घेताना वेष्टनावरचा ‘टीएफएम’ हा आकडा पाहावा. साबणात स्निग्ध पदार्थ किती आहेत, ते तो सांगतो. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या ‘टॉयलेट सोप’मध्ये तो किमान ७६ टक्के असावा लागतो. त्याच फळीवर ‘बेदिंग बार’ असं बारीक अक्षरात छापलेल्या वड्याही असतात. त्या निराळ्या वर्गातल्या, आणि त्यांत हे प्रमाण बरंच कमी चालतं. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या गावांत आणखी एक अडचण येते. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट थर तयार होतो. तो बादलीला चिकटतो तसा अंगावरही राहतो आणि खाज सुटते. अशा ठिकाणी साबण कमी वापरणं आणि भरपूर पाण्याने धुणं, हाच स्वस्तातला उपाय.

मुरुमांचा मळाशी संबंध जोडणंही चुकीचं आहे. त्वचेखालच्या तैलग्रंथी, त्यांचं अडलेलं तोंड, तिथे वाढणारे जिवाणू आणि वयात येतानाचे हार्मोन या सगळ्यांतून मुरूम तयार होतो. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो. रंध्रात साठलेल्या तेलाचा आणि मेलॅनिनचा हवेशी संबंध येऊन तो येतो. म्हणूनच खरखरीत स्क्रबने घासून मुरूम जात नाहीत, उलट चिघळतात आणि मागे डाग ठेवतात. वाफ घेतल्याने रंध्रं ‘उघडतात’ असंही म्हणतात, पण त्यांना उघडण्या-मिटण्यासाठी स्नायूच नसतात. आपल्याकडे एक कारण मात्र सहज नजरेआड होतं. केसांना चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं आणि तिथली रंध्रं बुजवतं. कपाळावरच मुरमांची रांग असेल, तर महागड्या जेलआधी तेलाचं प्रमाण कमी करून पाहावं.

हेच खोबरेल हिवाळ्यात पायांच्या कोरड्या कातडीवर उत्तम काम करतं. कोरड्या त्वचेसाठी ते मिनरल ऑइलइतकंच उपयोगी ठरल्याचं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कुणाच्या आणि कुठल्या त्वचेवर लावायची, हे ठरवायला हवं. ओलावा टिकवण्यासाठी औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली या दोन वस्तूंच्या तोडीचं फार थोडं काही बाजारात आहे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. ते थोड्या पाण्यात मिसळून लावावं, म्हणजे चिकटत नाही. जेली त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवते. अंघोळीनंतर अंग टिपून, ते दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत यांपैकी काही लावलं, तर थोडक्यात भागतं. चेहरा तेलकट असेल तर जेलीऐवजी हलकं लोशन घ्यावं. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागतच नाही, हे खरं नाही. मुरमांच्या औषधांनी त्वचा कोरडी पडते तेव्हा तर ते हवंच. आणि भरपूर पाणी प्यायल्याने निरोगी माणसाची कोरडी त्वचा मऊ होत नाही. तहानेपुरतं पाणी प्यावं, त्वचेला ओलावा बाहेरून द्यावा.

स्वयंपाकघरातल्या उपायांकडे प्रेमाने पाहावं, पण डोळे उघडे ठेवून. दिवाळीच्या पहाटेचं उटणं कुणी सोडण्याचं कारण नाही. कोरड्या त्वचेवर सायीतली स्निग्धता खरोखर मऊपणा देते. मुलतानी माती तेल शोषून घेते, त्यामुळे तेलकट चेहऱ्याला ती अधूनमधून चालते. कोरड्या चेहऱ्याला तडतडवते. लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूरच ठेवावं. त्याच्या रसाचा पीएच २च्या आसपास असतो. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असलेली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा अक्षरशः भाजतात. फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग राहतात. उजळण्यासाठी लावलेल्या लिंबाने चेहरा काळवंडतो, याहून वाईट काय? मुरमावर टूथपेस्ट आणि चेहऱ्यावर खाण्याचा सोडा, हेही याच यादीतले.

आता त्या वेगळ्या जागेकडे. गोरं होण्याच्या क्रीमचा बाजार आपल्याकडे १९७५पासून फोफावला. २०२०मध्ये सर्वांत प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द गेला, पण गोरेपणाची ओढ गेली नाही. त्वचेचा मूळ रंग मेलॅनिनच्या जनुकीय प्रमाणावर ठरतो. उन्हाने रापलेली त्वचा पुन्हा मूळ रंगावर येऊ शकते, त्याखाली ती सुरक्षितपणे जात नाही. एखाद्या क्रीमने ती आठवड्याभरात त्याखाली गेली असं वाटलं, तर त्या क्रीमच्या डबीत काय आहे हे विचारायलाच हवं.

उत्तर बहुतेक वेळा पारा किंवा स्टिरॉइड असतं. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतात, म्हणून परिणाम झटपट दिसतो. पण पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत पोचला. त्यात पारा होता. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एकच दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५पैकी १३ जण गोरं करणारी क्रीमं वापरत होते. लघवीला फेस येणं आणि पायांवर सूज ही या विकाराची लक्षणं. चेहऱ्याच्या क्रीमशी त्यांचा संबंध कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून निदानाला उशीर होतो.

स्टिरॉइडची गोष्ट अधिक घरगुती आहे. शेजारणीने सुचवलेली, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालेली छोटी ट्यूब पहिल्या पंधरवड्यात चमत्कार करते. मुरूम बसतात, रंग उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते. क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. हे व्यसनच आहे आणि त्यात तिची चूक कमी, विकणाऱ्याची जास्त. मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीशी बांधली. तरीही ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन असं नाव दिसलं, तर ती चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावू नये. इतकं कळवळून सांगावं असं या विषयात दुसरं काही नाही.

कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मुदतीची तारीख असावी लागते. पाऱ्याचं प्रमाण, तेही नकळत मिसळलेलं, दहा लाख भागांत एकापेक्षा जास्त असता कामा नये. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी मर्यादा वेगळी आहे. लेबल नसलेली किंवा फक्त परदेशी अक्षरं असलेली डबी स्वस्त असो वा महाग, घेऊ नये. शंका आल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

रंग खरोखर जपायचा असेल, तर काम सनस्क्रीनचं. सावळ्या त्वचेला त्याची गरज नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मेलॅनिनमुळे आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच कमी असतो, हे खरं. पण वांग, मुरमांचे काळे डाग आणि रापणं यांचा त्रास सावळ्या त्वचेलाच जास्त. एसपीएफ १५ त्वचा जाळणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८. ३० आणि ५० यांच्या किमतीत मोठा फरक असेल, तर ३० पुरे. खरी चूक प्रमाणात होते. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा इतकं लागतं. लोक याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि मग क्रीम कुचकामी ठरवतात. महागड्या ट्यूबचा ठिपका पुरवून लावण्यापेक्षा परवडणारी ट्यूब सढळ हाताने लावलेली बरी. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असलेल्यांनी किंचित रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो.

आणि सनस्क्रीन परवडत नसेल तर? पुण्यात दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, शेतातल्या बाया डोक्यावरून पदर घेतात. दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत. फक्त कापड घट्ट विणीचं आणि गडद हवं. विरळ पांढरं सुती कापड बरीच किरणं आत सोडतं. सावली स्वतःच्या उंचीहून आखूड असेल, ती वेळ शक्यतो टाळावी.

काही गोष्टी मात्र डॉक्टरलाच दाखवायला हव्यात. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला, तर तो कोड समजून बहुतेक घरांत आधी लपवला जातो. काही टिकल्यांच्या गोंदातलं एक रसायन त्या जागचा रंग घालवतं. टिकली लगेच बंद करून डाग दाखवून घ्यावा. त्यासाठी महागडं क्लिनिक लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो आणि तिथे केसपेपर काढून तज्ज्ञ डॉक्टरला दाखवता येतं. जाताना घरात चेहऱ्याला लावत असलेली प्रत्येक ट्यूब आणि डबी पिशवीत घालून न्यावी. मुरमांचे उपचार सुरू झाले तर फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.