तळवलकरांचा युरोप

गोविंद तळवलकरांवर कोणी लिहू लागलं की टिळक, रानडे, गोखले यांच्यावरची पुस्तकं आणि पुढाऱ्यांना चिमटे काढणारे अग्रलेख, एवढ्यातच लेख आटोपतो. डोंबिवलीचा १९२५चा जन्म, 'लोकसत्ता', १९६२पासून 'महाराष्ट्र टाइम्स', १९९६पर्यंतचं संपादकपद हे सगळ्यांना पाठ आहे. माझा हट्ट जुनाच : तळवलकर हे युरोपच्या सुरक्षेचे मराठीतले अव्वल अभ्यासक होते. 'बदलता युरोप' आणि 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त' बाजूला ठेवून त्यांचं माप घेता येत नाही.

यावर विद्यापीठांतली मंडळी नाक मुरडतात. इंग्रजी पुस्तकं वाचून लिहिणारा संपादक, तो अभ्यासक कसला? अहो, १९९१पूर्वी मॉस्कोची दप्तरं कोणाला उघडी होती? 'प्रावदा'त काय छापलं, लाल चौकातल्या संचलनाला कोण कोणाशेजारी उभं राहिलं, यावरून पाश्चात्त्य पंडितही तर्कच लढवत. तळवलकरांकडे वाचनाची शिस्त होती आणि रशियाबद्दल भाबडेपणा नव्हता. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांचं नेमकं उलट होतं.

कर्जत-खालापुरात "युरोपाचं आपल्याला काय?" हे मी आयुष्यभर ऐकलं. मग माथेरानचे क्रांतिकारक भाई कोतवाल यांच्या दस्त्याने १९४२ साली विजेचे मनोरे पाडले ते कशासाठी? आमच्या खोपोली-भिवपुरीची वीज मुंबईला जात होती आणि मुंबईचे कारखाने ब्रिटिशांच्या युद्धाला जुंपलेले होते. हिटलरने पोलंडात पेटवलेली आग सिद्धगडापर्यंत आली. २ जानेवारी १९४३ला कोतवाल तिथेच पडले.

शीतयुद्धातल्या क्षेपणास्त्रांच्या वाटाघाटी रुक्ष. त्या सोडून देतो. हेलसिंकी मात्र सोडवत नाही. तळवलकर वाचायची सवय लागली म्हणूनच मी त्या वाटेला गेलो. १ ऑगस्ट १९७५ला तिथे युरोपच्या सुरक्षा-सहकार्याच्या करारनाम्यावर ३५ देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना युद्धोत्तर सीमांवर शिक्का हवा होता, तो मिळाला. बदल्यात मानवी हक्कांचा मजकूर मान्य करावा लागला. कागदावर राहील, अशा हिशेबाने तो केला. दीड वर्षात प्रागच्या लेखक-विचारवंतांनी 'चार्टर ७७' काढून तोच कागद आपल्या कम्युनिस्ट सरकारपुढे धरला! आणि हेलसिंकीत सह्या होत होत्या त्या पावसाळ्यात आपल्याकडे आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. प्रागची ती धडपड आमच्या पिढीला परकी वाटली नाही, ती यामुळे.

आता काय आहे? २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा वाहिन्यांवर रणगाडे धावत होते आणि निवेदक ओरडत होते. युक्रेनने १९९४ साली बुडापेस्टमध्ये सुरक्षेच्या आश्वासनांच्या भरवशावर अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं होतं, ही गोष्ट मी तरी त्या गदारोळात ऐकली नाही. ह्यूस्टनला मार्च २०१७मध्ये तळवलकर गेले. त्यानंतर हे मराठीत धड समजावणारं माणूस मला दिसलेलं नाही. ज्यांची नावं पुढे केली जातात त्यांचंही वाचतो; आतल्या आत चरफडतो.

आमच्याकडच्या एका वाचनालयात 'बदलता युरोप'ची प्रत होती. ती नेलेल्या सभासदाने आतातरी परत करावी; दंड मी भरीन.