स्क्वेअर डान्स : नवशिक्यांच्या वर्गाचा बंदोबस्त

चौकोनाची रचना : चार जोड्या, म्हणजे आठ नर्तक, चौकोनाच्या चार बाजूंना परस्परसन्मुख उभे राहतात; ज्या जोडीची पाठ ‘कॉलर’कडे, म्हणजे आज्ञा पुकारणाऱ्याकडे, असते ती पहिली, आणि तिच्या उजव्या हातापासून पुढील क्रमांक लागतात.

आज्ञांची भाषा : पुढचा पदन्यास कोणता, हे नर्तकास आगाऊ ठाऊक नसते; ‘डो-सी-डो’, ‘अलेमांड लेफ्ट’, ‘प्रॉमिनाड’ अशी जी आज्ञा कॉलर उच्चारील, ती तालात तत्काळ पाळावयाची असते. अमेरिकेत १९७४ साली स्थापन झालेल्या ‘कॉलरलॅब’ या कॉलरांच्या संस्थेने या आज्ञांच्या श्रेणी निश्चित केल्या. आज्ञा जपान-जर्मनीतही इंग्रजीतच दिल्या जात असल्याने, एका गावी शिकलेला नर्तक परमुलखातील चौकोनातही निःशंकपणे उभा राहू शकतो.

संयोजकाची जबाबदारी : सभागृहाची तजवीज, कॉलरचे मानधन, फीची वसुली आणि हजेरीपट ही कामे कोणत्याही वर्गास लागतातच, परंतु येथील खरी कसोटी आठांच्या हिशेबाची होय. अकरा विद्यार्थी आले, तर दोन चौकोन पुरे करण्यास पाच अनुभवी सभासद हजर हवेत. या साहाय्यकांना ‘एंजल’ म्हणतात. शिकवण्याचे काम कॉलरवर सोपवून, त्यांनी आपल्या अचूक हालचालीने नवख्यास मार्ग दाखवावा, ही अपेक्षा असते.

गैरहजेरी : प्रत्येक धडा मागील धड्यावर उभा असल्यामुळे, चुकलेल्या आज्ञांची उजळणी पुढच्या वर्गापूर्वी करून देण्याची व्यवस्था अवश्य असावी, कारण एकजण अडखळला की उरलेल्या सातांचा चौकोन मोडतो, आणि संकोचाने दूर गेलेला नवशिका बहुधा परतत नाही.