ट्यूबा, वाद्यवृंदातील

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील पितळी सुषिर वाद्यांपैकी सर्वांत खर्जाचे वाद्य. लष्करी बँडचे संचालक व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि वाद्यनिर्माते योहान गोटफ्रीट मोरिट्स यांनी १८३५ मध्ये बर्लिन येथे त्याचे एकस्व घेतले. वादकाच्या ओठांच्या कंपनांनी नळीतील हवा निनादते. झडपांमुळे नळीची लांबी वाढून स्वर उतरतो.

मोठ्या वाद्यवृंदीय ट्यूबांविषयी वादकांना विशेष कुतूहल असते. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘सी’ ट्यूबाची मूळ नळी सुमारे ४.९ मी. लांब असते. वाद्य लहान असो वा मोठे, ही लांबी बदलत नाही. बदलते ती नळीची रुंदी व कर्ण्याचा व्यास. रुंद नळीत उच्च उपस्वर तुलनेने क्षीण होतात व स्वर भरदार, गंभीर होतो. हे आकार ३/४ ते ६/४ अशा अपूर्णांकांनी दर्शवितात. तथापि त्यांचे सर्वमान्य प्रमाण नाही. एका निर्मात्याचा ५/४ ट्यूबा दुसऱ्याच्या ६/४ एवढा असू शकतो.

६/४ आकाराचा आदर्श म्हणजे मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील यॉर्क कंपनीने १९३० च्या दशकात घडविलेले दोन ट्यूबा. ऑर्गनसारखा खर्ज मिळावा, या लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या इच्छेनुसार ते फिलाडेल्फिया वाद्यवृंदासाठी तयार झाले, असे सांगितले जाते. त्यांपैकी एक आर्नल्ड जेकब्ज (१९१५–९८) यांच्याकडे आला. शिकागो सिंफनी वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ पर्यंत त्यांनी केलेल्या वादनामुळे तो स्वर जगभर अनुकरणीय ठरला. पुढे हिर्सब्रुनर (स्वित्झर्लंड), यामाहा (जपान) इ. निर्मात्यांनी यॉर्कच्या धर्तीवर नवे ट्यूबा बनविले. मात्र मोजमापांचे अनुकरण पुरेसे होत नाही. नळीच्या निमुळतेपणातील अल्प फरकानेही स्वरशुद्धता बिघडते.

मोठा आकार सर्वत्र उपयुक्त नाही. अशा वाद्याला श्वास अधिक लागतो, उच्च स्वर निसटण्याचा धोका असतो व लहान सभागृहात इतर वाद्ये झाकोळतात. मुसोर्गस्कीच्या पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन या रचनेच्या राव्हेलकृत वाद्यवृंदरूपातील (१९२२) ‘बिड्लो’ या भागाचे उच्च स्वर लहान फ्रेंच ट्यूबा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. त्यामुळे अनेक व्यावसायिक वादक मोठ्या ट्यूबाबरोबरच ‘एफ’ किंवा ‘ई फ्लॅट’ स्वराचा लहान ट्यूबाही बाळगतात.