दावं सुटलेले राक्षस

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आमच्या मयूर विहारातल्या बाल्कनीतून समोरच्या पॉकेटच्या इमारती दिसत नाहीत. धूर आणि धुकं मिळून असा काही पडदा पडतो की दूधवालाही हाकेवरून ओळखावा लागतो. अशा दिवसांत जमनापारच्या घराघरांत मुलं कोंडलेली असतात. माझा कॉलेजात जाणारा भाचा तर कोंडून घ्यायला स्वतःहून येतो. कारण आमच्याकडे टीव्ही मोठा आहे, मामीच्या हातच्या करंज्या आहेत आणि त्याचा जुना प्लेस्टेशन ३ त्याच्या आईनं आमच्याच माळ्यावर टाकून ठेवलाय.

गेल्या दिवाळीत त्यानं एक सेकंडहँड डिस्क आणली होती. निळ्या लाइनच्या मेट्रोनं राजीव चौकाला उतरायचं आणि जमिनीखालच्या पालिका बाजारात शिरायचं, हा दिल्लीतल्या गेमवेड्या मुलांचा जुना रिवाज. डिस्कचं नाव ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’. हातात बंदूक, समोर परग्रहावरचे राक्षस, खेळणाऱ्यानं सैनिकाच्या डोळ्यांतून पाहायचं आणि गोळ्या झाडायच्या.

मी पेपर वाचत होतो. अर्ध्या तासानं आवाज आला, ‘‘मामा, ये अंधे हैं क्या?’’ दिल्लीत वाढलेला हा मुलगा आमच्याशी मराठी बोलतो, पण चिडला की हिंदीत. मी पाहिलं. लांबट काळ्या कवटीचा, शेपटीवाला तो प्राणी धावत आला, सैनिकाच्या शेजारी थांबला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गुरुजींनी शिक्षा केल्यासारखा. दुसरा एक दारात अडकून जागच्या जागी पाय मारत होता. भाच्यानं दोघांनाही सावकाश, कंटाळत मारलं.

माझं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांच्यावर मी चाळीस वर्षं पोट भरलं. म्हणून या वेंधळ्या राक्षसांमागची गोष्ट जेव्हा मला कळली, तेव्हा भाच्यापेक्षा मीच जास्त उत्तेजित झालो. त्यांच्या वेंधळेपणाच्या मुळाशी एक जादा अक्षर होतं.

पण आधी राक्षसाची वंशावळ. १९७९ साली रिडली स्कॉटचा ‘एलियन’ आला. नॉस्ट्रोमो नावाचं एक मालवाहू अंतराळयान, त्यावर सात माणसं, आणि त्यांच्यातल्या एकाच्या छातीतून बाहेर पडलेला जीव. तो घडवला स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगर या चित्रकारानं, हाडं आणि यंत्रं एकमेकांत वितळल्यासारखी दिसणारी चित्रं काढणाऱ्या अवलियानं. राक्षसाचा पोशाख घालून वावरला बोलाजी बदेजो नावाचा नायजेरियन तरुण. लंडनमध्ये कलेचं शिक्षण घेत असलेला, साडेसहा फुटांहून उंच. पडद्यावर राक्षस फार थोडा वेळ दिसतो. बाकी वेळ तो नळ्यांमध्ये, छतात आणि प्रेक्षकाच्या डोक्यात असतो.

सात वर्षांनी जेम्स कॅमेरॉननं ‘एलियन्स’ काढला. नावाला एक ‘स’ जोडला आणि सिनेमाची जातच बदलली. एका राक्षसाचे शेकडो झाले, भयपटाचा युद्धपट झाला. नॉस्ट्रोमोवरून वाचलेली आणि सत्तावन्न वर्षं यांत्रिक झोपेत काढून उठलेली रिप्ली, म्हणजे सिगर्नी वीव्हर, सैनिकांच्या एका तुकडीबरोबर तो जीव जिथे सापडला त्याच ग्रहावर परत जाते. सैनिकांच्या यानाचं नाव सुलाको. नॉस्ट्रोमो आणि सुलाको ही दोन्ही नावं जोसेफ कॉन्रॅडच्या १९०४ सालच्या कादंबरीतून उचललेली. बंदुका आणि लाळ गाळणाऱ्या जबड्यांच्या या पसाऱ्यात कुणीतरी इंग्रजी साहित्याचा वाचक बसला होता, याचं मला उगाच समाधान वाटतं.

सैनिक, अरुंद बोळ, अंधार, आणि हालचाल टिपून टिक्‌टिक्‌ करणारं हातातलं यंत्र. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना याहून तयार ताट कुठलं मिळणार? तरी सुरुवात गमतीशीरच झाली. १९८२ साली अटारी २६०० या यंत्रावर आलेला पहिला ‘एलियन’ गेम म्हणजे पॅकमॅनच होता. बोळांमधून पळा आणि ठिपक्यांऐवजी अंडी फोडा. १९९३ चा ‘डूम’, ज्यानं नेमबाजीच्या गेम्सचा साचाच पाडला, तो आधी ‘एलियन्स’चे हक्क घेऊन करायचा बेत होता, आपल्याला मोकळीक राहावी म्हणून कर्त्यांनी तो सोडला. आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात लग्नाच्या वरातीइतका सार्वत्रिक असलेला ‘कॉन्ट्रा’ आठवा. नकली जपानी बनावटीची ती स्वस्त व्हिडिओ गेमची डबडी, पिवळी-काळी काडतुसं, फुंकर मारून बसवायची. त्या ‘कॉन्ट्रा’च्या शेवटच्या टप्प्यात भिंतीतून फुगून येणारे, मोठ्या कवटीचे जे जीव दिसतात ते उघड उघड गीगरचे मानसपुत्र आहेत. म्हणजे ‘एलियन’ कधीही न पाहिलेल्या लाखो भारतीय मुलांनी त्याच्या चुलत भावंडांना मारलं होतं.

१९९४ मध्ये अटारी जॅग्वारवर ‘एलियन व्हर्सेस प्रिडेटर’ आला, १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर ‘एलियन ट्रिलॉजी’. ‘कलोनियल मरीन्स’ हे नावही जुनं. प्लेस्टेशन २ साठी याच नावाचा एक गेम सुरू होऊन २००१ मध्ये गुंडाळला गेला होता. नावाला जणू दृष्ट लागलेली.

तेच नाव सेगा या जपानी कंपनीनं पुन्हा उचललं. डिसेंबर २००६ मध्ये हक्क घेतल्याचं जाहीर झालं, काम टेक्सासच्या गिअरबॉक्सकडे गेलं. थाट मोठा होता. सुलाकोचं मूळ रेखाटन करणारा सिड मीड यालाच बोलावून सिनेमात न दिसलेल्या यानाचे भाग काढून घेतले. मायकल बीन आणि लान्स हेन्रिकसन या मूळ नटांनी आवाज दिले. गोष्ट ‘एलियन्स’च्या पुढची, सैनिकांची दुसरी तुकडी शोधाला जाते ती. (सिनेमात अणुस्फोटात उडालेली त्या ग्रहावरची माणसांची वसाहत इथे सोयीस्करपणे बरीचशी उभी आहे. मराठी मालिकांच्या प्रेक्षकाला याचं नवल वाटणार नाही.) प्रदर्शनांमध्ये दाखवलेला नमुना तर डोळे दिपवणारा होता. अंधार खरा, सावल्या खऱ्या, राक्षस भिंतीवरून सरपटत येणारे.

१२ फेब्रुवारी २०१३ ला गेम बाजारात आला आणि घरोघरी लोकांनी तेच पाहिलं जे आमच्या दिवाणखान्यात भाच्यानं पाहिलं. सावल्या फिक्या, भिंती सपाट, राक्षस बावळट. कामाचा मोठा हिस्सा टाइमगेट नावाच्या दुसऱ्याच स्टुडिओकडे सोपवला होता, हेही बाहेर आलं. त्याच वर्षी मे महिन्यात टाइमगेट बंद पडला. दाखवलं एक आणि विकलं दुसरंच, म्हणून एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सेगा आणि गिअरबॉक्सवर खटला भरला. इंग्लंडमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रार गेली, तेव्हा सेगानं कबूल केलं की ती दृश्यं नमुन्याची होती हे जाहिरातीत सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या खटल्यात २०१४ मध्ये सेगानं साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड करायची तयारी दाखवली. गिअरबॉक्सनं मात्र आपली बाजू लढवली आणि २०१५ मध्ये तो त्यातून सुटला. विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं.

आणि मग माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

गेम विस्मरणात गेल्यावर चार वर्षांनी, २०१७ मध्ये, एक हौशी दुरुस्तीकार संगणकावरच्या आवृत्तीच्या फायली चाळत बसला होता. अशी माणसं असतात. त्यांच्याविषयी मला बंधुभाव आहे. एका साध्या मजकुराच्या फायलीत, जिथे गेमच्या मांडणीच्या सूचना ओळीनं लिहिलेल्या असतात, त्याला एक ओळ सापडली. राक्षसांना ‘टेदर’शी जोडायची ती ओळ. टेदर म्हणजे आपलं दावं, गुरं बांधायचं. गेममध्ये प्रत्येक राक्षसाला रणांगणावरच्या एखाद्या जागेशी अशा अदृश्य दाव्यानं जोडतात. दावं असलं म्हणजे त्याला कळतं की आपला मुलूख कोणता, आडोसा कुठे, कुठून वळसा घालून शत्रूच्या पाठीशी यायचं.

त्या ओळीत टेदरच्या स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘ई’नंतर एक ‘ए’ जास्त पडला होता. बस. सहाच्या जागी सात अक्षरं.

माणूस असता तर त्यानं समजून घेतलं असतं. संगणक समजून घेत नाही, आणि इथे तर त्यानं तक्रारही केली नाही. या नावाचं काही सापडत नाही, मग पुढे चला, असं म्हणून तो गप्प पुढे गेला. राक्षसांना दावी बांधलीच गेली नाहीत. दावणीचं जनावर सुटलं की ते मोकाट धावेल अशी आपली कल्पना; इथे उलट झालं. दावं नसल्यामुळे त्यांना कुठे जायचं हेच कळेना आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जुलै २०१८ मध्ये ही बातमी जगभर पसरली. लोकांनी जुनी धूळ झटकून गेम काढला, तो एक ‘ए’ खोडला, फाइल जतन केली. राक्षस चार पायांवर उतरले, दबकून बसू लागले, बगल देऊन मागून येऊ लागले.

आपल्याकडे अशा गोष्टीला तयार वाक्प्रचार आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला; ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा ‘मा’ केला गेला, अशी आख्यायिका. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण प्रुफं तपासणाऱ्यांची ती कुलदेवता आहे. फरक एवढाच की तिथे अक्षर बदलून धरायचं सोडून मारलं गेलं आणि इथे अक्षर वाढल्यामुळे मारायला आलेल्यांना धरताही येईना.

एका अक्षरानं सगळा गेम बुडाला असं मात्र मी म्हणणार नाही. बातम्यांनी तसा सूर लावला, तो मला पटत नाही. ‘ए’ खोडल्यावरही संवाद तेवढेच सपक राहिले आणि सावल्या फिक्याच राहिल्या. छापून आलेल्या वाईट कादंबरीचं खापर मुद्रणदोषावर फोडणारे लेखक मी भरपूर पाहिलेत. पण एवढं तरी खरं की इतक्या वर्षांच्या कामात, दोन-दोन स्टुडिओंमध्ये, ती ओळ सावकाश वाचणारं कुणी निघालं नाही.

मी भाच्याला म्हटलं, ‘‘चल, आपणही खोडू.’’ तो हसला. ‘‘मामा, हे कन्सोल आहे. इथे फाइल उघडत नाही.’’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. संगणकावर गेम म्हणजे कपाटात ठेवलेले कागद. हवं तर काढा, वाचा, दुरुस्त करा. कन्सोल म्हणजे मोहोरबंद डबा. डिस्क घालायची, कंपनी जे देईल ते खेळायचं. दुरुस्ती यायची तर कंपनीकडूनच. चूक जगाला ठाऊक झाली, उपाय एका सेकंदाचा, तरी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचे राक्षस त्या जादा ‘ए’सकट तसेच उभे. पालिका बाजारातून आमच्या घरी आले तेही त्यातलेच. चूक दिसतेय, हातात लाल पेन आहे आणि मधे काच आहे, ही अवस्था कुठल्याही मुद्रितशोधकानं अनुभवावी अशी नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा घरून प्लेस्टेशन ४ घेऊन आला, त्याचा छोटा कॅमेराही. ‘‘आता हा बघ.’’ गेम होता ‘एलियन: आयसोलेशन’. ७ ऑक्टोबर २०१४ ला आलेला, मालक तीच सेगा, कारागीर वेगळे. इंग्लंडमधल्या हॉर्शमचा क्रिएटिव्ह असेंब्ली हा स्टुडिओ, जो तोवर सैन्यांच्या पटावरच्या लढायांसाठी प्रसिद्ध होता. त्यांनी ‘एलियन्स’कडे पाठ फिरवून १९७९ चा पहिला सिनेमा उचलला. रिप्लीची मुलगी अमांडा, मोडकळीला आलेलं सेव्हास्टोपोल हे अंतराळस्थानक, आणि जवळपास सगळ्या गेमभर तुमच्या मागावर एकच राक्षस. बंदूक आहे, पण तिनं तो मरत नाही. लपायचं.

फॉक्स या सिनेमा कंपनीकडून त्यांना मूळ चित्रपटाचं तीन टेराबाइट साहित्य मिळालं होतं. १९७९ च्या लोकांना भविष्य जसं दिसलं तसंच दाखवायचं म्हणून त्यांनी गेममधल्या पडद्यांवरची चित्रं खरोखर व्हीएचएस टेपवर उतरवली, टेप खराब केल्या आणि ती मुंग्या आलेली चित्रं परत घेतली.

खरी करामत राक्षसाच्या डोक्यात. त्याला दोन मेंदू आहेत. एक सूत्रधार, ज्याला तुम्ही कुठे आहात हे सतत ठाऊक असतं. दुसरा स्वतः राक्षस, ज्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त कान, डोळे आणि संशय. लहानपणी लपंडावात राज्य घेणाऱ्याला ओसरीवरचे आजोबा ‘माजघराकडे बघ हो’ एवढंच सांगायचे, ‘पलंगाखाली’ कधीच म्हणायचे नाहीत. सूत्रधाराचं काम नेमकं तेवढंच. तुमची घाबरगुंडी फार वाढली की तो राक्षसाला थोडा वेळ छतातल्या नळ्यांमध्ये परत पाठवतो. राक्षसाच्या काही युक्त्या सुरुवातीला कुलपात असतात आणि तुम्ही जसे वागाल तशा उघडतात. पुन्हा पुन्हा कपाटात लपलात की तो कपाटं तपासू लागतो. आगीनं हाकललात की हळूहळू आगीला भीक घालेनासा होतो.

आणि कॅमेरा कशाला? त्यातल्या मायक्रोफोनसाठी. तुमच्या खोलीत आवाज झाला तर तो राक्षसाला ऐकू जातो, अशी सोय या गेममध्ये चालू करता येते. ती करणाऱ्यांनी दिल्लीतली दिवाळी पाहिली नसावी. खालच्या पार्किंगमध्ये कुणीतरी चोरून लावलेला एक सुतळी बॉम्ब, आणि सेव्हास्टोपोलच्या बोळात काळी कवटी सावकाश आमच्या दिशेनं वळली. भाचा कपाटात शिरला. मीही का कोण जाणे पेपर खाली ठेवून हालचाल बंद केली. पावलं जवळ आली. पत्र्याच्या फटीतून लाळ दिसली. भाच्यानं बटण दाबून आतल्या अमांडाचा श्वास रोखला, बाहेर स्वतःचाही.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

‘‘किती झाल्या रे?’’ मामीनं आतून विचारलं. ‘‘तीन का चार?’’

आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.