पोलादी नळ्यांची साठ वर्षं

1935 साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची 531 ही नळी बाजारात आणली आणि पुढची चाळीसेक वर्षं रेसिंग सायकलींच्या जगात या तीन आकड्यांचा दबदबा राहिला. फ्रेमवरचा छोटासा स्टिकर पाहून सायकलची पत ठरायची. रेनॉल्ड्स ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहाची, त्याच्याच भागीदारीतून 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली. आपल्याकडे घरोघरी दिसणारी हर्क्युलस तिथलीच.

531 ची ताकद खरीच होती. जग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही याच नळ्या होत्या. पोलाद मजबूत असलं की नळी पातळ करता येते. टोकांना, जिथे जोडणी करताना ब्रेझिंगची आच लागते, तिथे जाड आणि मध्ये पातळ अशी नळी ओढायची युक्ती रेनॉल्ड्सने 1897 मध्येच पेटंट केली होती. 531 मुळे ती आणखी पातळ करता आली आणि फ्रेम हलकी झाली.

पण सायकलवाल्यांच्या बोलण्यात या मजबुतीला हळूहळू ताठपणा म्हटलं जाऊ लागलं, आणि इथे पदार्थविज्ञान साथ देत नाही. नळी तुटेपर्यंत किती ताण सोसते हे मिश्रधातूवर आणि उष्णता-प्रक्रियेवर ठरतं. ती किती लवते हे ठरवणारा यंग गुणांक मात्र साध्या पोलादाचा आणि महागड्या पोलादाचा जवळपास सारखाच, 200 गिगापास्कलच्या आसपास. म्हणजे एकाच मापाची 531 ची नळी आणि स्वस्त पोलादाची नळी पेडलखाली सारखीच लवणार. 1970 च्या दशकात रेनॉल्ड्सची 753 आली. ती इतकी पातळ आणि आचेला इतकी नाजूक की जोडणीचा नमुना पाठवून पास झालेल्या कारागिरांनाच कंपनी ती देत असे. ताकदीत ती 531 च्या कितीतरी पुढे होती. पण पत्रा पातळ असल्यामुळे त्याच व्यासाची 753 ची फ्रेम जास्तच लवायची.

मिलानच्या कोलंबस कंपनीकडे हा हिशेब आकड्यांत दिसतो. त्यांची एसएल नळी टोकांना 0.9 आणि मध्ये 0.6 मिलिमीटर जाड, एसपी 1.0 आणि 0.7. पोलाद तेच. 28.6 मिलिमीटर व्यासाच्या डाउन ट्यूबमध्ये एवढ्या फरकाने मधल्या भागाचा ताठपणा साधारण 15 टक्के वाढतो. म्हणून उंच आणि वजनदार स्वारासाठी कारागीर एसपी निवडत. आता जाडी 0.6 च ठेवून व्यास 31.8 केला, तर वजन जेमतेम 11 टक्के वाढतं आणि ताठपणा 38 टक्क्यांच्या आसपास, कारण तो व्यासाच्या घनाने वाढतो. हे गणित जुनंच होतं. तरी रोड सायकली कित्येक दशकं एक इंचाची टॉप ट्यूब आणि सव्वा इंचाच्या आतली डाउन ट्यूब धरून बसल्या, कारण नळ्या जोडणारे लग आणि बॉटम ब्रॅकेटचे साचे त्याच मापाचे होते. मोठ्या व्यासाच्या नळ्यांचा धडा शेवटी अॅल्युमिनियमच्या सायकलींनी दिला आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस पोलादानेही तो उचलला.

जास्त ताठ म्हणजे जास्त वेगवान, हे मात्र मला पटत नाही. सायकलपटू शॉन केलीने 1980 च्या दशकात ज्या व्हिटस सायकलवर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या, ती बारीक अॅल्युमिनियम नळ्यांची आणि लवण्यासाठीच प्रसिद्ध होती. 1990 च्या दशकात इटालियन कारागीर अँतोनिओ मोंदोनिको यांनी एका अमेरिकी मासिकासाठी कोलंबसच्या सात वेगवेगळ्या नळ्यांच्या सात फ्रेम एकाच मापात बनवल्या. कुठली फ्रेम कुठल्या नळीची हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाला त्यांतला फरक नीट सांगता आला नाही. पुढे ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाच्या यान हाइने यांनी पातळ-जाड नळ्यांच्या फ्रेम अशाच न सांगता चालवून घेतल्या, तेव्हा काही स्वारांना जास्त लवणाऱ्या फ्रेमवरच अधिक जोर लावता आला. जुन्या सायकलींवर ‘ढिली’ असा शिक्का मारणाऱ्यांनी या चाचण्या गंभीरपणे घ्यायला हव्या होत्या.

जुनी फ्रेम घेताना स्टिकर बदललेला असू शकतो. सीटपोस्ट काढून त्याचं माप घ्यावं. 28.6 च्या सीट ट्यूबमध्ये 27.2 चा सीटपोस्ट नीट बसत असेल तर नळी पातळ आहे. 26.4 किंवा 26.6 चा लागत असेल तर पत्रा जाड आहे, वर नाव कुठलंही असो.