हिरव्या पट्ट्याची बाजू कोण मांडणार?

विकास आराखड्याच्या नकाशात शेती झोन हिरवा, निवासी झोन पिवळा. झोनची ही रेघ सातबारा बघून ओढलेली नसते. कधी ती एकाच गटाच्या मधून जाते आणि वाटणीत थोरल्याचं वावर पिवळं, धाकट्याचं हिरवं निघतं. झोन दाखला हाती आला की दोघांच्या गुंठ्याच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक!

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) २०२१ मधल्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने आराखडाच रद्द केला.

अशा सुनावणीला माणूस सातबारा, मोजणीचा नकाशा आणि आराखड्याची झेरॉक्स घेऊन येतो. बोलतो ते आपल्या गट नंबरपुरतं: आरक्षण उठवा, रस्ता सरकवा, नाहीतर 'आमचं पिवळं करा'. त्याला हावरा म्हणणं सोपं आहे. शेजारी टॉवर उभा राहिला, ओढा बुजला, मजूर मिळेना, अशा जागी शेती टिकवा असं त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? पण वाट्याने कसणारा आणि मजूर सातबाऱ्यावर नसतात, म्हणून ते सुनावणीला नसतात. ओढ्याचा तर प्रश्नच नाही.

हिरव्यातही निव्वळ शेतीच असते असं नाही. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती झोनमध्ये फार्महाउस, पोल्ट्री, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय अटींवर चालतं. रंग न बदलता शेत लॉन होतं ते असं. हरकतींत या नियमांवर क्वचितच कोणी बोट ठेवतं.

खरी संधी हरकतींच्या आधीच येऊन गेलेली असते. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाच, कलम २३ खाली, सूचना मागवायच्या असतात. पुढे जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा तयार होतो. बागायत कुठे, पाट कुठे, पुराचं पाणी कुठवर येतं, हे गावाने एकत्र बसून सांगायची वेळ ती. पण तेव्हा नकाशावर रंग भरलेले नसतात, म्हणून नगररचना कार्यालयाकडे कोणी फिरकत नाही. इराद्याची जाहीर नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात असते.