ताप उतरेना, मूल एकाच कुशीवर

थंडी पडली की आमच्या केडगावात घरोघरी खोकल्याची उबळ ऐकू येते. ओव्याचा शेक, गरम पाणी हे आपले ठरलेले उपाय. मागच्या थंडीत शेजारच्या वहिनींनीही तेच केलं. मुलगा चार वर्षांचा. ताप चढला तेव्हा डॉक्टरांचं औषध आणलं. दोन दिवसांत ताप उतरला आणि बाटली कपाटात गेली. (उरलेलं औषध जपून ठेवायची खोड मलाही आहे!) पाच-सहा दिवसांनी ताप परतला. मुलगा एकाच कुशीवर निजायचा, धापा टाकायचा.
"ताई, पोट दुखतंय म्हणतो. जंत असतील का हो?" वहिनींनी विचारलं.

जंत नव्हते. नगरला एक्स-रे आणि सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं, न्यूमोनिया होऊन फुफ्फुसाभोवती पू साठला होता. फुफ्फुसावर पातळ दुपदरी आवरण असतं. एरवी त्या पदरांमध्ये जेमतेम ओलावा असतो. जंतू तिथं पोचले की आधी पाणी साठतं, मग त्याचा पू होतो, तो घट्ट होतो, त्यात कप्पे पडतात आणि फुफ्फुस दबतं. मग नुसत्या पातळ औषधानं भागत नाही. शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात, बरगड्यांमधून नळी घालून पू काढावा लागतो. कप्पे झाले असतील तर नळीतूनच पू पातळ करणारं औषध सोडतात, नाहीतर दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करतात. नळी पाहून वहिनी ढसाढसा रडल्या. पण मुलांचं फुफ्फुस सहसा छान भरून येतं. नळी निघाली तरी औषध मात्र काही आठवडे चालतं.

न्यूमोनिया वेळीच ओळखायचा कसा? श्वास मोजून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या सुईणींनाही हे शिकवलं, मोजायला मण्यांचं साधन दिलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे घटले, हे १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपल्याला घड्याळ पुरे. मूल शांत असताना पोट उघडं करून पुरतं एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंत ४० भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले, पाणीही पिईना, तर तडक दवाखाना. औषध सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर छाती पुन्हा तपासून घ्या.

न्यूमोकोकस जंतूवरची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. धाकटीचं कार्ड वहिनींनी परवाच मला आणून दाखवलं. तिन्ही खुणा झाल्यात.